कट्टी मॅडमचे मंगळवार

ह्यांचा फोन वाजला तेव्हा मी स्वयंपाकघरात डबे पुसत होते. तेरावं उरकून पाहुणे आपापल्या गावी गेले होते. मुलगी, मैथिली, आदल्याच दिवशी हैदराबादला परतली होती. घरात करण्यासारखं काही उरलं नव्हतं, म्हणून पुसलेलेच डबे मी पुन्हा पुसत होते. ह्यांचा फोन मी बंद केला नव्हता. ज्यांना बातमी कळली नव्हती त्यांचे फोन अजून यायचे. मी सांगायची, समोरचा माणूस हळहळायचा, दोन शब्द बोलून ठेवून द्यायचा. ते वाक्य आता मला पाठ झालं होतं.

फोनवर नाव आलं, 'कट्टी'.

मला काही उमगेना. लहानपणी गाल फुगवून मैत्रिणीशी बोलणं तोडायचो, ती कट्टी. असं कुणाचं नाव असतं? व्हिडिओ कॉल होता. मी हात पुसून बटण दाबलं.

समोर एक बाई सतरंजीवर मांडी घालून बसली होती. माझ्याहून वयानं मोठी, पांढरा अंबाडा, कपाळावर रुपयाएवढं कुंकू. व्हायोलिनचं एक टोक तिच्या उजव्या पायावर टेकलेलं आणि दुसरं खांद्याशी.

"भारंबे, आज पण उशीर..." म्हणता म्हणता ती थांबली. मला बघून तिनं चष्मा सारखा केला. "तुम्ही कोण? भारंबे कुठे आहेत?"

मी पाठ झालेलं वाक्य बोलायला तोंड उघडलं, पण तिनं वेळच दिला नाही.

"बहीण का? हां, बहीणच असणार. दुसरं कोण आहे त्यांना घरात? मिसेस तर गेल्या ना."

"कुणाच्या मिसेस?" मी विचारलं.

"भारंबेंच्या. बिचारे."

भारंबे म्हणजे लीलाधर भारंबे, माझा नवरा. आणि मिसेस म्हणजे मी. मी तर तिच्यासमोर उभी होते, हातात डबे पुसायचं फडकं घेऊन.

माझ्या तोंडून निघालं, "हो. बहीण."

"कुठे गेले ते? मुलीकडे जातो म्हणून सुट्टी घेतली होती. ती संपली की."

"आले नाहीत अजून."

हे मी का म्हटलं ते तेव्हा मलाही कळलं नाही. पुढे विचार केल्यावर एवढंच लक्षात आलं की ते गेले असं मी सांगितलं असतं, तर ती बाई हळहळली असती आणि तिनं फोन ठेवला असता. मग मी मेले असं तिला कुणी सांगितलं, हे मला कधीच कळलं नसतं.

"मग व्हायोलिन कोण बघतं?" तिनं दरडावून विचारलं. "भुसावळचा उन्हाळा आहे. तार तुटेल. पुढच्या मंगळवारी याच वेळेला त्याला पेटीतून काढा, मी सांगते काय करायचं ते." आणि फोन बंद झाला.

ह्यांच्याकडे व्हायोलिन आहे हे मला अर्थातच माहीत होतं. रेल्वेतून निवृत्त झाल्यावर त्यांनी ते आणलं. गच्चीवरच्या खोलीत बसून वाजवायचे. वाजवायचे म्हणजे दार करकरावं तसा आवाज यायचा. मला वाटायचं, फोनवर कसले तरी व्हिडिओ बघून शिकत असतील. कुणी मास्तरीण आहे, दर मंगळवारी तिच्याशी बोलणं होतं, हे त्यांनी सांगितलं नाही. मीही विचारलं नाही. त्या काळात सासूबाई पलंगावर होत्या. न्हाणीघरात पडल्या आणि त्यांचं कमरेखालचं अंग गेलं. पाच वर्षं त्यांचं सगळं मी केलं. आम्ही दोघं बोलायचो ते औषधाचं, चादरीचं, डॉक्टरला कधी बोलवायचं त्याचं. त्या गेल्या आणि घरात आम्ही दोघं नुसते उरलो. बोलायचे विषयही त्यांच्याबरोबर गेले होते. पुढे वर्षभरानं, मैथिलीकडे जायचं ठरलेलं असताना, हेही गेले, सकाळी चहा पिता पिता.

त्या आठवड्यात मला झोप लागली नाही. मैथिलीचा फोन आला तेव्हा मी सहज विचारल्यासारखं विचारलं, "बाबा कुणाकडे व्हायोलिन शिकत होते, तुला माहीत होतं?"

"शिकत होते? मला वाटलं आपलं आपणच काहीतरी करतात. का गं?"

"काही नाही."

"आई, ते देऊन टाकायचं का कुणाला? तुला बघवत नसेल तर."

"राहू दे," मी म्हटलं.

मंगळवारी मी गच्चीवरच्या खोलीत जाऊन पेटी उघडली. फोन कशाला तरी टेकवून ठेवायला तिथे लाकडी स्टँड होता. ह्यांनीच तासून बनवलेला दिसत होता.

कट्टी हे आडनाव निघालं. कट्टी मॅडम धारवाडला राहायच्या. मराठी त्या घरमालकिणीकडून शिकल्या होत्या, लहानपणी. बोलायच्या भराभर, पण कधी कुठला शब्द 'तो' आणि कुठला 'ती', याची त्यांना फिकीर नव्हती. मला त्यांनी पहिल्या दिवसापासून अक्का म्हणायला सुरुवात केली. त्यांनी माझ्याकडून खुंट्या पिळून घेतल्या, गजाच्या केसांना राळ लावून घेतली, आणि मग म्हणाल्या, "आता काढलाच आहे तर ओढा एकदा."

मी गज ओढला. भयंकर आवाज आला.

"भावापेक्षा बरा आहे," त्या म्हणाल्या. "बसा. शिकवते. वेळ त्यांचाच आहे, रिकामा कशाला घालवायचा?"

मला व्हायोलिन नको होतं. मला फक्त विचारायचं होतं. पण शिकवताना ही बाई दुसरं काही बोलूच द्यायची नाही. मी जरा विषय काढला की "वाजवा" म्हणायची. म्हणून मी वाजवत राहिले. आधी त्या वाजवायच्या, थांबायच्या, मग मी. दोघींनी एकदम वाजवायचं नाही, कारण फोनवर एकीचा आवाज दुसरीला मागून पोचतो.

दुसऱ्या-तिसऱ्या मंगळवारी मी हळूच म्हटलं, "त्यांच्या मिसेसना काय झालं होतं, तुम्हाला काही बोलले का?"

"तुम्हाला माहीत नाही? तुम्ही नणंद ना?"

मी सापडले. "मी लांब असायची. चोपड्याला. जाणं-येणं नव्हतं."

"अय्यो! सख्ख्या भावाकडे जाणं-येणं नाही?" त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की मला खरोखरच लाज वाटली. "वाजवा."

पण अधूनमधून त्यांच्या बोलण्यात काही ना काही यायचं. त्यासाठी मी आठवडाभर वाट बघायची. एकदा मी गज तिरका ओढला तेव्हा त्या म्हणाल्या, "भारंबेंचा पण असाच. मी ओरडले की म्हणायचे, मॅडम, माझी बायको असती तर तिनं तुमची नक्कल करून दाखवली असती. सगळ्यांची करायची म्हणे. स्टेशन मास्तरची, सासूची."

मी करायची. रेल्वे क्वार्टरमध्ये असताना. सासूबाई देवासमोर बसून जांभया देत आरती म्हणायच्या, ती मी करून दाखवली की हे उशीत तोंड खुपसून हसायचे. मला ते पार विसरायला झालं होतं.

आणखी एकदा त्यांनी स्कूटरची गोष्ट सांगितली. लग्नानंतर आम्ही दोघं यावलला चाललो होतो, खड्ड्यात स्कूटर उडाली, मी मागच्या मागे पडले आणि ह्यांना पत्ताच नाही. पुढे जाऊन एकटेच बोलत राहिले. परत आले तर मी रस्त्यात फतकल मारून हसत बसलेली.

"हे सांगताना त्यांना हसू आवरायचं नाही," कट्टी मॅडम म्हणाल्या. "आणि मग एकदम गप्प व्हायचे. फार चांगली बाई असणार. मला भेटायला आवडली असती."

मी मान खाली घालून तारा पुसत राहिले. मेलेल्या माणसाबद्दल लोक असंच बोलतात, सगळं चांगलं. पण त्या बोलत होत्या ते खोटं नव्हतं. फक्त ते ऐकताना ती बाई मला कुणी दुसरीच वाटायची आणि तिचा थोडा हेवाही वाटायचा. जिवंतपणी मला हे कुणी सांगितलं नव्हतं, असं मनात यायचं आणि मग माझा मलाच घोळ व्हायचा. मी जिवंतच तर होते.

मनात वेडेवाकडेही विचार यायचे. बायको मेली असं माणूस परक्या बाईला का सांगतो? दुसरं कारण काय असणार? एका मंगळवारी मी धीर करून विचारलं, "तुमचे मिस्टर काय करतात?"

"आत आहेत. टीव्ही बघतात."

"आवाज येत नाही टीव्हीचा?"

"त्यांना ऐकू येत नाही, मग आवाज कशाला? बहिरे आहेत, बारा-पंधरा वर्षं झाली. म्हणून तर माझा संसार चालला. तीस पोरं दिवसभर बेसूर वाजवतात, दुसरा नवरा असता तर पळून गेला असता." मग त्यांनी फोन उचलून आतल्या खोलीकडे फिरवला. पायजमा घातलेले एक गृहस्थ खुर्चीत बसून क्रिकेट बघत होते. फोन दिसल्यावर त्यांनी दोन्ही हात जोडून मला नमस्कार केला.

मीही नमस्कार केला. तो संशय तिथेच संपला. तो होता तोवर निदान राग कशाचा हे ठाऊक होतं. आता काहीच कळेनासं झालं.

पावसाळा सुरू होऊन ओसरायला आला. मला भूपाची सरगम येऊ लागली होती. एका मंगळवारी कट्टी मॅडमनी व्हायोलिन हातातच घेतलं नाही. हात मांडीवर ठेवून बसल्या.

"अक्का, एक विचारते. खरं सांगा. भारंबे आता येणार नाहीत ना?"

मी गज खाली ठेवला.

"माझ्यावर रागावले का? मला माहीत आहे, मी फार ओरडते. शेवटच्या दिवशी पण ओरडले. त्या वयाच्या माणसाला म्हटलं, तुमच्यापेक्षा आमचा दूधवाला बरा वाजवेल. मग त्यांनी सुट्टी घेतली आणि आलेच नाहीत. फोन केला तर तुम्ही. मी रोज विचार करते." त्यांचा आवाज बदलला होता. "त्यांना सांगा, चुकलं माझं."

ही बाई एवढे महिने हे मनात घेऊन बसली असेल, असं माझ्या डोक्यातही आलं नव्हतं. मला माझंच पडलं होतं.

"मॅडम, ते रागावले नाहीत," मी म्हटलं. "ते गेले. वारले. तुम्ही पहिला फोन केलात त्याच्या आधीच."

त्या आतल्या खोलीकडे वळून कानडीत काहीतरी म्हणाल्या. मग नवऱ्याला ऐकू येत नाही हे त्यांचं त्यांनाच आठवलं असावं. पदरानं डोळे पुसले, चष्मा पुसला, परत घातला.

"असू दे," त्या म्हणाल्या. "एका परीनं बरं झालं. आता मिसेस भेटल्या असतील त्यांना."

"नाही भेटल्या."

"आं?"

"मी इथे बसले आहे, मॅडम. मी त्यांची बहीण नाही. मी मिसेस."

त्यांना कळलं नाही. मला परत सांगावं लागलं. तेव्हा त्या फोनच्या इतक्या जवळ आल्या की मला नुसतं कपाळ आणि कुंकू दिसायला लागलं.

"मग मेलं कोण?" त्यांनी विचारलं.

"तेच मला तुम्हाला विचारायचंय. पहिल्या दिवसापासून तेच विचारायचंय. ते काय म्हणाले होते? जसंच्या तसं सांगा."

त्या मागे सरकून बसल्या.

"पहिला दिवस होता," त्या म्हणाल्या. "मी सगळ्यांना विचारते, घरात कोण कोण आहे. पहिल्या वर्षी घरच्यांना आवाजाचा त्रास होतो म्हणून. ते म्हणाले, आई आहे, अंथरुणाला खिळलेली. मी विचारलं, मिसेस? तर म्हणाले, होती हो. फार हसायची. मी म्हटलं, अरेरे, कधीपासून? म्हणाले, आई पडली तेव्हापासून. मला वाटलं, एकच अपघात असेल. दोघी पडल्या असतील, एक वाचली आणि एक गेली."

"तुम्ही अरेरे म्हणालात, तेव्हा त्यांनी तुम्हाला थांबवलं नाही?"

"नाही. मी म्हटलं, आठवण येत असेल. तर म्हणाले, रोज येते."

त्या वेळी मी खाली, त्यांच्या आईच्या खोलीत असणार. किंवा चुलीपाशी. जिन्याच्या फार तर पंधरा-वीस पायऱ्या मध्ये.

"आणखी काही?"

"एकदा..." त्या घुटमळल्या. "एकदा मागून कुणी बाईनं हाक मारली होती. अहो, खाली या, आईंना कुशीवर वळवायचंय. ते गेले आणि परत आले. मी विचारलं, कोण होतं? तर म्हणाले, आईचं करणारी आहे. फार थकते."

"मी होते ती."

"हो." त्यांनी मान हलवली. "आता कळलं. त्या दिवशी त्यांना गज धरता येईना. मी आपलं ओरडत होते, मनगट सैल सोडा, मनगट सैल सोडा."

माझ्या अंगाची आग झाली. मी काय काय बोलले ते सगळं आठवत नाही. पाच वर्षं ज्याच्या आईचं हगणं-मुतणं मी काढलं, त्यानं मला मोलकरीण म्हणावं? मला मारून टाकावं? आणि आठवण येत होती तर जिना उतरून खाली यायला काय झालं होतं? हे सगळं मी त्या बिचारीवर ओरडले. कट्टी मॅडम ऐकून घेत होत्या. मी दम घ्यायला थांबले तेव्हा त्या हळूच म्हणाल्या, "अक्का, मला तुमची मराठी अर्धीच येते. एक सांगा. तुमच्या भाषेत 'होती' म्हणजे मेलेलीच असते का?"

मी फोन बंद केला.

पुढचा आठवडा मी वरच्या खोलीत गेलेच नाही. मैथिलीला सांगावं असं दहा वेळा वाटलं. पण काय सांगणार? बाबांनी मला मेलेली ठरवलं, की बाबांना माझी रोज आठवण यायची? एक वाक्य सांगितलं की दुसरं खोटं पडायचं. भाजी चिरताना ह्यांचा राग यायचा आणि चिरून होईपर्यंत त्यांची कीव यायची. मग स्वतःची यायची. मग परत राग.

मंगळवारी फोन वाजला. मी घेतला नाही. पुन्हा वाजला. तिसऱ्यांदा वाजला तेव्हा मी उचलला आणि नमस्कारही न करता म्हटलं, "आज मला शिकायचं नाही."

"बरं," कट्टी मॅडम म्हणाल्या. त्यांच्याही हातात व्हायोलिन नव्हतं. "मग काय करायचं?"

"मला त्यांचा राग आलाय."

"यायलाच पाहिजे. मला पण आलाय. इतकी वर्षं मी त्या मेलेल्या बाईसाठी वाईट वाटून घेतलं." त्यांनी भिंतीला पाठ टेकली, पाय लांब केले आणि पदर सारखा केला. "सांगा."

"काय सांगू?"

"कुठूनही सुरू करा. स्कूटरवरून करा."

"मी हसत नव्हते," मी म्हटलं. "म्हणजे हसले, पण नंतर. आधी रस्त्यात बसून रडले. कोपर सोललं होतं आणि हा माणूस लांब ठिपक्याएवढा दिसत होता. परत येतो की नाही कोण जाणे. त्यांनी तेवढंच सांगितलं नाही तुम्हाला."

"नाही सांगितलं. मग?"

मग मी सांगत सुटले. क्वार्टरमधली एक खोली, ह्यांच्या रात्रपाळ्या, मैथिलीच्या वेळी मला झालेली कावीळ, तेव्हा ह्यांनी केलेला खिचडीचा लगदा, सासूबाईंचा स्वभाव, सासूबाईंचं पडणं. पाचव्या वर्षी त्या एकदा मला "आई" म्हणाल्या होत्या, ते मी ह्यांना सांगायला गेले आणि हे पेपर वाचत होते म्हणून परत फिरले. ते सुद्धा सांगितलं. मध्येच रडू आलं, मध्येच सासूबाईंची आरती करून दाखवली. कट्टी मॅडम एवढ्या मोठ्यानं हसल्या की आतून त्यांचे मिस्टर बाहेर आले. त्यांना ते ऐकू आलं नसणार. सतरंजीला हादरा बसला असेल किंवा त्यांची चहाची वेळ झाली असेल. त्यांनी मला नमस्कार केला आणि बायकोसमोर रिकामा कप धरून उभे राहिले.

तास संपून गेला होता. कट्टी मॅडमनी कप घेतला, पण उठल्या नाहीत.

"अक्का," त्या म्हणाल्या, "यातलं निम्मं मला कळलं नाही. तुम्ही फार भरभर बोलता. पुढच्या मंगळवारी परत सांगा. जरा हळू."